टोबायसच्या खिंडीतली जास्तीची मात्रा

ऑर्फा क्वेसेनबरीला भीती होती ती एकाच जागेची. ‘टोबायसची खिंड’ या चालीचा दुसरा भाग संपता संपता एक मात्रा जास्त येते. ऐकणाऱ्याचा पाय सवयीने पुढे पडतो, चाल मात्र अजून तिथेच उभी असते. ती जागा जवळ आली की सेहेचाळीस वर्षांच्या या बाईचे तळहात ओले होत आणि अंगठा लाकडासारखा ताठ होई.

मोज्यांच्या गिरणीत ती एकवीस वर्षं मोज्यांची पुढची टोकं शिवत होती. बँजो वडिलांकडून शिकली, तोही घरापुरता. तिच्या लहानपणीच्या घरापासून दोन शेतं पलीकडे हार्लेस आणि डेव्हिट एकर्स हे भाऊ ओसरीवर हीच चाल वाजवत बसायचे, हार्लेसकडे फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि डेव्हिटकडे बँजो. कुंपणावर बसून तिने ते लहानपणभर ऐकलं होतं. डेव्हिट वारला आणि हार्लेसने फिडल पेटीत ठेवलं. त्यानंतर बफेलो डोंगराच्या परिसरातले तीन बँजोवाले त्याच्याकडे जाऊन आले. तिघांनीही ती मात्रा गाळून चाल सरळ केली. तिघांनाही म्हाताऱ्याने अर्ध्यावर थांबवून सांगितलं, "आता घरी जा, गाई खोळंबल्या असतील." तिसऱ्याकडे गाय नव्हती.

एका रविवारी चर्चच्या पायरीवर त्याने ऑर्फाला हटकलं. "ऐकलंय मी, पोरी, तुझ्या अंगठ्याला घाई नसते. जेवण उरकलं की बँजो घेऊन ये."

जेवण उरकताच ती बँजो घेऊन गेली.

दोन खुर्च्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. हार्लेस समजावून सांगत नसे, सावकाश वाजवून दाखवत नसे. त्याच्या उजव्या कोपराकडे बघायचं आणि बरोबर राहायचं, एवढंच शिक्षण. फिडल पुढे, बँजो मागे. चाल कधी संपवायची तेही फिडलवालाच ठरवणार. त्याने एक पाय जमिनीवरून उचलला की ते शेवटचं आवर्तन.

"काका, त्या जागी नक्की किती मात्रा आहेत?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"मोजायला ती काय अंडी आहेत?"

"मी आत्ता चुकले ना?"

"तुला माहीत आहे, मग मला कशाला विचारतेस?"

सात महिने दर रविवारी ती चुकत राहिली. गिरणीत मशिनच्या ठेक्यावरसुद्धा ती जागा यायची आणि तिचे खांदे आखडायचे. आज तो पेटी बंद करणार, असं दर रविवारी वाटे. त्याने केली नाही. एप्रिलमध्ये ती मात्रा सलग तीनदा जागेवर पडली. हार्लेस म्हणाला, "हं." घरी येताना ऑर्फाने गाडी रस्त्याकडेला थांबवली आणि ती जागा स्टिअरिंगवर बोटांनी पुन्हा वाजवून पाहिली.

पुढच्याच आठवड्यात हार्लेसची बायको लूरा हिने तिला स्वयंपाकघरात बोलावलं. मक्याचा पाव कापता कापता, मागे न वळता ती बोलली.

"गुरुवारी त्यांनी मला विनी म्हणून हाक मारली."

"विनी कोण, काकू?"

"त्यांची बहीण. जाऊन तीस वर्षं झाली. काल गोठ्याची वाट चुकले. गोठा ह्या खिडकीतून दिसतो, बघ." सुरी थांबली. "फिडल हातात असलं की मात्र पुरते शुद्धीवर असतात. तिथंही आपण हरवतोय हे ज्या दिवशी त्यांना कळेल ना, त्या दिवसापासून ते पेटी उघडायचे नाहीत. मग मी कुणाशी बोलू?"

"मी काय करू?"

"कळू देऊ नकोस. मला तरी काय माहीत कसं ते."

जून १९६३. शाळेच्या सभागृहात फिडलवाल्यांचा मेळा होता, शनिवारी दुपारी. नाव हार्लेसने स्वतःच देऊन टाकलं होतं. सभागृहात सव्वादोनशे माणसं, पुढे तीन परीक्षक, आणि पहिल्या रांगेत कोय हिल्टन, तिघा बँजोवाल्यांपैकी तिसरा. ऑर्फाने सकाळपासून पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं.

पहिली दोन आवर्तनं नीट झाली. तिसऱ्यात ती जागा आली आणि हार्लेसचा कोपर तिथे थांबलाच नाही. मात्रा टाकून तो सरळ पुढे गेला.

ऑर्फाने मनात हिशेब केला. मात्रा धरून ठेवली तर फिडल एक पाऊल पुढे, बँजो एक पाऊल मागे. पुढच्या चार ठोक्यांत ते त्याच्या कानाला कळणार. तो थांबणार, चेहरा वर करणार. लूराने सांगितलेलं तेच, सव्वादोनशे लोकांसमोर. तिने मात्रा सोडली. पण क्षणभर उशिरा. बँजोच्या तारा खडखडल्या, सगळ्यांना ऐकू येतील अशा, आणि मग ती त्याच्याबरोबर झाली.

चौथ्यातही मात्रा नव्हती. पाचव्यातही. प्रत्येक वेळी ती कोपराकडे बघत होती, आता येईल, आता येईल म्हणून. आठव्या आवर्तनाला परीक्षक एकमेकांकडे बघू लागले. हार्लेसचे दोन्ही पाय जमिनीवरच होते. तो पाय उचलायचंही विसरला, तर? बँजोने चाल थांबवायची नसते. अकराव्याला पाय वर आला, आणि ऑर्फाने त्याच्याबरोबर चाल संपवली.

बाहेर गाड्यांपाशी कोय हिल्टनने गाठलंच. "काय ऑर्फा! मला घरी हाकललं त्या मात्रेपायी, आणि तू तर म्हाताऱ्यालाच ओढत नेलंस की सरळ रस्त्यावर! पन्नास वर्षांची चाल, तू एका दुपारीत सपाट केलीस."

हार्लेस शेजारीच उभा होता. लूराने त्याची बाही धरली होती. तिने ऑर्फाकडे पाहिलं.

"घाबरले मी, कोय," ऑर्फा म्हणाली. "हात सटकला आणि काका सांभाळून घेत गेले."

"तरी म्हटलं! फिडल कधी चुकलंय ह्यांचं?"

"सोड रे तिला," हार्लेस म्हणाला. "शिकतेय अजून. पोरी, उद्या ये, ती जागा दाखवतो."

रविवारी त्याने ती जागा दाखवली. एरवी कधी न दाखवणारा माणूस, पण त्या दिवशी सावकाश, गज अडवून अडवून, चार वेळा वाजवली. चारही वेळा मात्रा तिथे नव्हती.

"आलं लक्षात?"

"आलं, काका."

"मग वाजव बघू."

दारात लूरा हात पुसत उभी होती. ऑर्फाने तळहात झग्याला कोरडे केले, बँजो मांडीवर सरळ घेतला आणि ती जागा त्याने दाखवली तशी, सरळ वाजवली.