खाडीकडची भिंत

उरणच्या मिठागरांवर लक्ष ठेवायला गोऱ्या साहेबाने बांधलेला तो बंगला. आमच्याकडे अजून सगळे त्याला सायबाचा बंगलाच म्हणतात. तो साहेब गेला, मागून आपले साहेब आले, तेही गेले. राहिले ते माझे वडील, बंगल्याचे चौकीदार. कौलं चाळणं, बिजागऱ्यांना तेल घालणं, सगळं त्यांच्याच अंगावर.

खाऱ्या वाऱ्याने खाडीकडच्या भिंतीला लोणा लागायचा, गिलाव्याचे पोपडे पडायचे. चुना मळत बसायला कुणाला वेळ होता? वडिलांनी सिमेंट आणून ती भिंत एकट्याने लिंपली. मग काय, येईल त्याला तिच्यावरून हात फिरवायला लावायचे. मला तर त्या कौतुकाचा वीट आला होता.

गेल्या वर्षी बंगला वारसा यादीत गेला आणि त्याचा इतिहास लिहायला शहरातून एक बाई आल्या. भिंतीवर टकटक करून म्हणाल्या, "अरे देवा! चुन्याच्या भिंतीवर सिमेंट? ओल आत कोंडून विटांचा पार भुगा झालाय. कुणी केलं हे?"

वडील मागेच उभे. म्हाताऱ्याची शोभा नको म्हणून मी बोलून गेले, "कोण जाणे! बाहेरचा कुणी कंत्राटदार असेल." बाईंनी तसंच लिहून घेतलं. चारचौघांत लेकीला खोटं कसं पाडायचं, म्हणून वडील तेलाची बुधली घेऊन बिजागऱ्यांकडे निघून गेले.

घरी आल्यावर चार दिवस माझ्याशी शब्द नाही. शेवटी मीच भडकले, "बाबा, तुझी लाजच राखली ना मी?"

"लाज?" ते म्हणाले. "बाईनी सायबाचा नाव लिवला. माझा काय हाय गं तिथं? ती एक भिंत. चुकली आसंल. पन मी केली ती."

कपाळ माझं! एवढी शिकले, आणि बापाला मीच त्या बंगल्यातून पुसून टाकलं. लगेच बाईंना फोन करून खरं सांगितलं.

पावसाळ्यानंतर छापील पुस्तिका आली. वडिलांना अक्षर येत नाही, मी वाचून दाखवली. साहेबाबद्दल दोन पानं होती, आणि तळाला एक ओळ: 'खाडीकडची भिंत एका स्थानिक चौकीदाराने सिमेंट लावून खराब केली.'

वडील जरा पुढे सरकले. "पुन्ना वाच."

दुसऱ्यांदा वाचताना मी त्यांचं नाव घालून वाचलं.