पट्ट्यावरची तारीख

९ जून. कोरडा दिवस, वारा पश्चिमेचा. विल्फ एरिंग्टन पिंजरा घेऊन दारावरून गेला. दुपारी कॉड मासा. उरलेला टाकून दिला.

मोनिका हेस्लपने डायरीत कधी खोटं लिहिलं नव्हतं; शाळेतल्या नन्सनी वळणच तसं लावलं होतं. मासा तिने टाकलाच होता. तो मागच्या दारी निळ्या बशीत पडला आणि तासाभरात बशी लख्ख झाली, एवढं लिहायचं राहिलं.

बशीवर येणारी फाटक्या कानाची करडी मांजरी कुणाचीच नव्हती. आणि बेवारस मांजरांना खाऊ घालते म्हणून पोस्टातल्या डोरीनला गेल्याच वर्षी मोनिकाने चारचौघांत सुनावलं होतं.

विल्फ उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलंडात एका जमीनदाराने शिकारीसाठी राखलेल्या तित्तरांचा राखणदार. बेचाळीस वर्षं तो कुंपणाच्या झुडपांच्या कडेने एकाच चालीने चालत आला. घरट्यापाशी पाऊल थबकलं की मादी उठून जाते. म्हणून न थांबता, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं, ही त्याची विद्या. माणसांकडेही तो तसाच बघे. बायकोला मागणीसुद्धा त्याने चालता चालताच घातली आणि 'हो' सांगायला तिला मागे धावावं लागलं, असं गाव म्हणे.

गेल्या साली मांजरांनी तीन माद्या अंड्यांवरच मारल्या. यंदा एकच घरटं उरलं होतं. पंधरा अंडी, फुटायला आठवडाभर. मालकाने बजावलं होतं, हेही गेलं तर तित्तरं बंद; पुढच्या वर्षी शिकारीला फेझंट पक्ष्यांची पिलं विकत आणू आणि विल्फने घरी बसावं.

दुसऱ्या दिवशी करडी त्याच्या पिंजऱ्यात सापडली. पिंजरा घेऊन विल्फ मोनिकाच्या दारात आला.

"मिसेस हेस्लप, ही ओळखीची?"

"मी कशाला मांजरं ओळखू?"

"पिंजऱ्यात सगळीच फिस्कारतात. घरची कुठली नि रानटी कुठली, कळत नाही. घरच्या मांजराला हात लावता येत नाही मला. म्हणून हा कागदाचा पट्टा गळ्यात घालून सोडतो. 'मी तुमची असेन तर इथे लिहा.' कोरा परत आला तर बेवारस."

"मग?"

"मग बंदूक. तोवर मी कुंपणाला फेऱ्या घालतो."

त्यानंतर तीन दिवसांनी करडी पुन्हा पिंजऱ्यात शिरली. विल्फने पट्टा मोनिकाच्या टेबलावर ठेवला. 'टॉफी. डोरीन, पोस्ट.' त्याखाली, 'ब्रिगेडियर. आमच्या पबचा.'

"ब्रिगेडियर कसला, मादी आहे ती," मोनिका म्हणाली.

"पबवाल्यांना उशिरा कळतं. तुम्हाला कसं कळलं?"

तिने पट्टा जवळ ओढला. तिसरी ओळ सरळ, गोल अक्षरात होती. 'ही बेवारस नाही. १२ जून.'

"इथे नाव नाही कुणाचं," ती म्हणाली.

"मांजराच्या पट्ट्यावर तारीख घालणारं माणूस गावात एकच आहे."

मोनिकाने चहा ओतला. "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"ईस्टरपासून. बशी निळी आहे."

"थांबला नाहीस कधी ते."

"थांबलो असतो तर तुम्ही उठून गेला असता." त्याने पिंजरा तिच्याकडे सरकवला. "डोरीनचं दुकान उघडं, पबचं दार कधी लागत नाही. तुमच्या खिडक्यांना कड्या आहेत. अंडी फुटेपर्यंत हिला आत ठेवा."

"आणि डोरीन?"

"तिच्याशी तुम्हीच बोला. मला घरट्याकडे बघायचंय."

पाच दिवस करडीने पडदे फाडले आणि प्रार्थनेच्या वेळी नेमका गळा काढला. मोनिका जपमाळ मोठ्याने म्हणू लागली. पाचव्या दिवशी दुपारी विल्फ फाटकाशी आला आणि चक्क थांबला.

"चौदा," तो म्हणाला. "एक अंडं वाया गेलं. मालक स्वतः बघून गेला. पिलं उडेपर्यंत अजून दोन आठवडे सांभाळाल?"

"मी कुठे तिला बाहेर काढतेय? आत ये, चहा घे."

तो बसला. करडी त्याच्या बुटांवर झोपली. त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं नाही.

१८ जून. ऊन. तित्तराची चौदा पिलं. पोस्टात जाऊन डोरीनची माफी मागितली. तिला फार आनंद झाला. मागच्या खोलीचा पडदा शिवला. उद्यापासून दुधाची एक बाटली जास्त सांगितली.