दक्षिणेला सोडलेलं पाणी

सडा टाकून झाला होता, दोन खेपा पाणी भरून झालं होतं, आणि मी दक्षिणेकडे तोंड करून तांब्यातलं पाणी सोडत होते.

नवरा जिवंत असताना.

मागून सासूबाईंनी माझा हात धरला.
"कुणाच्या नावानं सोडलंस गं? माझं लेकरू जित्तं हाय."

निजामाच्या राज्यातलं ते शेवटचं वर्ष. आमचं गाव वालूरजवळ. गावातल्या तरण्या माणसांबरोबर हेही लढ्यासाठी सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेले होते. दीड महिना चिठ्ठी नव्हती.

दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे पाणी सोडतात ते गेलेल्या माणसाला. पंधरा वर्षांची होते, तरी हे मला माहीत होतं. ध्यानात आलं नाही, एवढंच.

माझ्या डोक्यात दुसरंच होतं.

आदल्या माघात, असंच पहाटे बैलांना पाणी दाखवताना, यांनी मला दक्षिणेला, ज्वारीच्या कणसांवर टेकलेला एक तारा दाखवला होता. हे परभणीच्या शाळेत सातवीपर्यंत उर्दूतून शिकलेले. म्हणाले, तो आपल्या सूर्यासारखाच सूर्य आहे, आणि सगळ्यांत जवळचा. तरी त्याचा उजेड इथं पोचायला चार वर्षं लागतात.

मग सासूबाई जवळ नाहीत बघून हळूच,
"ह्यो उजेड निघाला तवा आपली सोयरीक बी झाली नव्हती."

उगवत्या सूर्याला मी रोज पाणी घालायचे. हाही सूर्यच, मग यालाही घालावं. यांना सांभाळ म्हणावं.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं.
"त्यो म्हनला म्हणून तू कुनीकडं बी पानी ओतशील का?" म्हणाल्या, आणि चुलीपाशी रडत बसल्या.

त्या दिवशी दोघी जेवलो नाही.

पुढचे सात महिने दारात कुणी आलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघायचे. वाटायचं, यांचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या त्या पाण्यानंच.

पोलीस ॲक्शननंतर हे आले. दाढी वाढलेली, पायात कुणाच्या तरी चपला. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी माझी तक्रार केली.

हे हसले नाहीत. माघ येऊ दे म्हणाले.

माघात यांनी आईला अंगणात उभं करून तारा दाखवला. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. हात जोडले. म्हणाल्या, असंल सूर्य, पण पाणी नको.

नंतर हे मला म्हणाले, "आईचं ऐक. मी हाय तोवर नको सोडू. मंग सोड."

नाही सोडलं. सासूबाई गेल्या, आम्ही परभणीला राहायला आलो, तरी नाही.

मी अक्षर अक्षर जुळवून वाचायला शिकले. एकदा पुस्तकात वाचलं की आपल्या सूर्यासारखे तारे जवळपास आणखीही आहेत. यांना सांगितलं तर म्हणाले, "मग किती तांबे लागतेत तुला?"

आज यांना जाऊन वर्ष झालं. तुम्ही सगळ्यांनी फोन केले, मेसेज केले. यांच्याकडून आणि माझ्याकडून नमस्कार.

गेल्या वर्षी हे गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठले. तांब्या भरून गच्चीवर गेले. दक्षिणेला टॉवरचे लाइट होते, त्यांच्या बाजूला खाली तो दिसला.

मी पाणी सोडलं.