पुस्तकातला साकव

सरकारी बजेट वाचताना हसू येतं असं म्हटलं, की लोक माझ्याकडे काळजीनं बघतात. पण नेरळच्या आमच्या बजेट मंडळात इतकी वर्षं काढल्यावर माझ्याकडे आकडे राहिले नाहीत, किस्से मात्र ढीगभर राहिलेत. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा आधीच दारात उभा!

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. अन्वरभाईंचं झेरॉक्सचं दुकान ही आमची कचेरी. राज्याचं बजेट मांडलं, की अन्वरभाई त्याची जाडजूड पुस्तकं इंटरनेटवरून उतरवून छापतात. मग शाळा, दवाखाने, अंगणवाड्या, रस्ते यांत आपल्या भागाच्या वाट्याला काय आलं, ते शोधून आम्ही सोप्या भाषेत ग्रामपंचायतींना कळवतो. भोईर गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, मी निवृत्त ग्रंथपाल. चौथ्या सोमीबाई. पोशीरच्या वर डोंगराला टेकलेल्या उंबरमाळ या ठाकरवाडीत राहतात. अक्षरओळख बेताची, पण सगळ्यांत अवघड प्रश्न त्यांचेच.

सोमीबाईंना अख्ख्या बजेटातून एकच गोष्ट हवी होती. साकव. म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. वाडी ओढ्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. ओढा भरला की पोरांची शाळा बंद. त्यांची नात कमळी चौथीत पोचली, तरी एकाही पावसाळ्यात शाळेचं तोंड तिनं धड पाहिलेलं नव्हतं. वाचताना ती अजून बोट ठेवून अडखळायची.

*

अर्थमंत्र्यांचं बजेटचं भाषण गुरुजी लाल पेन घेऊन वाचतात. सवय!

एका वर्षी 'आदिवासी पाड्यांचा सर्वांगीण विकास' हे वाक्य लागोपाठ तिसऱ्यांदा आलं. गुरुजींनी समासात शेरा मारला, 'मागील वर्षीचे उत्तर उतरवले आहे. पालकांना घेऊन भेटावे.'

अन्वरभाईंनी ते पान घाईत तसंच झेरॉक्स केलं आणि सगळ्या ग्रामपंचायतींत वाटलंसुद्धा. दुसऱ्याच दिवशी एका सरपंचांचा फोन आला.

"गुरुजी, पालक म्हनून आमी यायचं, का आमदारांना पाठवायचं?"

*

भाषणात अधूनमधून शेरोशायरी असते. अन्वरभाई त्यातले दर्दी. त्यांचा सिद्धान्त असा, "ताई, ज्या खात्यावर शेर पडला, त्याचे पैसे कटले समजा!"

मी ग्रंथपाल. पुरावा नसेल तर मी विश्वास ठेवत नाही. जुनी भाषणं काढून आठवडाभर ताळा घालत बसले. माणूस बरोबर होता! फक्त एका खात्याला शेर मिळूनही चांगली भरघोस तरतूद होती. मी विजयी मुद्रेनं ते पान त्यांच्या काउंटरवर आपटलं.

अन्वरभाई मशीनमध्ये कागद भरत शांतपणे म्हणाले, "सुधारित अंदाज येऊ द्या."

वर्ष सरता सरता सरकार आपलेच आकडे पुन्हा कमीजास्त करतं, ते हे सुधारित अंदाज. ते आले. पैसे गेले होते!

*

मग एका वर्षी चक्क 'उंबरमाळ साकव' छापून आला. गुरुजींनी पेढे मागवले. पेढा तोंडात असतानाच मी रकमेचा रकाना पाहिला. तिथे नुसता 'एक' होता. रकाना हजारांचा, म्हणजे हजार रुपये!

गुरुजींनी सोमीबाईंना समजावलं, "याला लाक्षणिक तरतूद म्हणतात. काम यादीत राहावं म्हणून नावापुरती रक्कम. एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना, तसं."

"हजारात चार वासे येत्यात," सोमीबाई म्हणाल्या. "त्येवढं द्या म्हनावं. साकव आमीच घालतू."

आम्ही हसलो. हसायला नको होतं.

*

दोन वर्षांनी पुन्हा उंबरमाळ छापून आलं. या वेळी रक्कम खरीखुरी होती. कामाचं नाव होतं, 'उंबरमाळ साकव, दुरुस्ती'.

नसलेल्या साकवाची दुरुस्ती! आम्ही एका सरकारी ऑफिसात चौकशीला गेलो. साहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं. "हे बघा, साकव पूर्ण आहे. तुम्ही चुकीच्या ओढ्यावर गेला असाल."

दुकानात परतल्यावर मला इतका संताप आला, की मी ते पान चुरगळून फेकलं. अन्वरभाईंनी निमूटपणे दुसरी प्रत काढून दिली.

पेच असा होता, की साकव नाही असं लिहून दिलं, तर दुरुस्तीची तरतूद रद्द, आणि नव्या साकवासाठी पुन्हा रुमालापासून सुरुवात. गप्प बसलो, तर दुरुस्तीही कागदावरच व्हायची. कमळी तोवर शाळा सोडून देईल, ही भीती सोमीबाईंच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होती.

त्यांनी विचारलं, "गुरुजी, दुरुस्ती कराया काय काय लागतंय?"

गुरुजी वैतागून म्हणाले, "आधी मोडका साकव लागतो, सोमीबाई!"

"बरं," म्हणून त्यांनी ती प्रत घडी करून कमरेला खोचली आणि टेंपो पकडायला निघून गेल्या.

*

मे महिन्यात त्यांचा निरोप आला. दुरुस्तीच्या पाहणीला इंजिनिअर येतायत, तुम्हीही या.

आम्ही तिघं धापा टाकत उंबरमाळला पोचलो. ओढा कोरडा होता. त्याच्यावर या काठापासून त्या काठापर्यंत चार वासे टाकलेले, दोरानं करकचून बांधलेले. एका काठावर अख्खी वाडी जमली होती. पुढे दप्तर पाठीला लावून कमळी. शाळेला सुट्टी असताना!

इंजिनिअर तरुण होता, बोलायला सभ्य. तो वाशांकडे बघतच राहिला.

"हा साकव? हा कुणी बांधला?"

सोमीबाईंनी कमरेची घडी काढून त्याच्या हातात दिली.

"आमाला काय इचारता, सायेब? पुस्तकात बघा. तुमीच बांधलाय!"

त्यानं कागद वाचला. वाशांकडे पाहिलं. मग गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी माथेरानचा डोंगर न्याहाळू लागले.

शेवटी त्यानं पिशवीतून टेप काढली, वही उघडली आणि विचारलं, "बरं. मोडलाय कुठं?"

सोमीबाईंनी लुगडं सावरलं, दोन पावलं पुढे टाकली आणि कडेच्या वाशावर सगळा भार देऊन पाय हाणला. वासा कडकन मोडला.

"हितं, सायेब!"