दोन खुणांची जागा

गणपती कांबळेनं फौंड्री सोडली ती पोराच्या शब्दावर. सगळी उमर वाळूचे साचे बसवण्यात गेलेली. त्या वाळूनं आधी नखं खाल्ली, मग छाती धरली. घरचा जिना चढताना माणूस मधल्या पायरीवर बसायला लागला. डॉक्टर म्हणाला, वाळू सोडा. गणपती म्हणाला, मग खायचं काय, औषध? तेव्हा त्याचा पोरगा प्रसेनजीत पुढं झाला.

"आबा, मी हाय की. माझं काम आता पक्कं हाय. उद्यापासनं तुम्ही जायचं न्हाई."

गणपतीनं फौंड्रीतली खाकी पँट धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवली. प्रसेनजीतच्या आईनं, तानूबाईनं, सगळ्या गल्लीत बर्फी वाटली. उचगावात गाजलं, कांबळ्याचं पोरगं जपानचं काम करतंय.

आता ते काम म्हणजे काय, हे मात्र कुणाला सांगता यायचं नाही. पानटपरीवर दोस्त विचारायचे, "जपानी येतंय व्हय रं तुला?"

"न्हाई."

"मग करतोस काय?"

"अक्षरं हिकडनं तिकडं न्हेतो."

"म्हंजे हमालीच की लेका!"

प्रसेनजीतही हसायचा. खोटं काय होतं त्यात?

कोल्हापुरात राजारामपुरीत दातांच्या दवाखान्यावरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. खालून दात कोरल्याचा आवाज आणि वर कीबोर्डची टकटक. मालक विजयसिंह माने. घरचा दुधाचा धंदा भावाच्या गळ्यात घालून यानं कॉम्प्युटर मांडले होते. पुण्याची एक कंपनी त्यांना काम द्यायची आणि पुण्याला ते ओसाकाच्या एका विमा कंपनीकडून यायचं. त्या विमा कंपनीचं एक अवाढव्य जुनं मशीन होतं, मेनफ्रेम. त्यातली गिऱ्हाइकांची नावं-पत्ते बाहेर काढायचे, नव्या लहान मशीनवर दुरुस्त करायचे आणि परत मेनफ्रेममध्ये भरायचे, कारण गिऱ्हाइकांना जाणारी पत्रं अजून तिथंच छापली जायची.

गोम अशी की दोन्ही मशीनं जपानी अक्षर आपापल्या आकड्यांनी ओळखायची. एकाचा आकडा दुसऱ्याला कळायचा नाही. त्यात मेनफ्रेमला आणखी एक खोड. जपानी अक्षरं सुरू व्हायच्या आधी त्याला एक खूण लागायची, आणि संपली की दुसरी. एक दार उघडायची, एक दार लावायची. लहान मशीनला असल्या खुणा लागतच नव्हत्या. त्यामुळं ओळ लहान मशीनवर आली की आखडायची, आणि परत पाठवताना फुगायची. जागा मात्र मोजून मापून दिलेली. फुगलेली ओळ त्यात मावली नाही की शेपूट कापलं जायचं.

या फुगण्यानं प्रसेनजीतचं डोकं आऊट झालं होतं. एकदा जेवताना त्यानं ते बापाला सांगितलं. गणपतीनं भाकरी मोडत ऐकून घेतलं.

"आमच्यात वितळल्यालं बीड थंड झालं की आटतंय," तो म्हणाला. "म्हणून साच्याचा पॅटर्न जरा मोठा धरत्यात. तुजं उलटं हाय, तुजं फुगतंय. मग त्या दोन खुणांची जागा आधीच रिकामी सोड की."

प्रसेनजीतनं तसंच केलं. प्रत्येक ओळीत दोन खुणांची जागा राखून ठेवली. प्रोग्रॅम धावला. पुण्याचे लोक खूश. विजयसिंह म्हणाले, "तुझ्या आबांना पगार चालू करायला पायजे राव!" हे घरी सांगितलं आणि गणपती आठवडाभर जो भेटेल त्याला आटणं-फुगणं समजावत होता.

काम तपासायची ऑफिसची एक रीत पडली होती. जपानी कुणालाच येत नव्हतं. तेव्हा अक्षराचं तोंड बघायचं आणि जुळवायचं. रोज बघून बघून काही तोंडं ओळखीची झाली. शिवानी पाटील प्रसेनजीतच्या शेजारी बसायची. तिनं त्यांना नावं पाडली. एक होतं जोतिबाच्या दीपमाळेसारखं, ती दीपमाळ. एकाचं नाव रहाट. चार चौकोनांचं एक होतं, ते वाफे. "ए, दीपमाळ-वाफे नीट आला बघ." "रहाटाचा पाय तुटलाय गं, परत चालव." असं चालायचं. एकदा ओसाकाहून एक साहेब आला. त्याला शिवानीनं वाफे दाखवले, तर तो पोट धरून हसला. म्हणाला, या अक्षराचा अर्थ शेतच आहे. त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, आपल्याला जपानी येतंय.

तपासायच्या वेळी हात आपसूक ओळखीच्या नावांकडं जायचे. दीपमाळ, वाफे, रहाट. त्यांचं चुकलेलं डोळ्याला दिसायचं. अनोळखी, लांबलचक ओळी तपासून करणार काय? बरोबर आली का चूक, कळणार कुणाला? त्या सोडून द्यायचे. कुणी ठरवून केलं नाही. पडत गेलं.

दोन हजार एक सालच्या हिवाळ्यात विमा कंपनीची बोनसची पत्रं निघाली. आणि एक दिवस सकाळी पुण्याहून फोन आला. विजयसिंह "हां, हां" करत ऐकत राहिले, मग खुर्चीत बसलेच. पाठोपाठ फॅक्स आला.

एका पत्राची नक्कल होती. नाव ठीक. पत्ता शेवटापर्यंत ठीक. त्याच्यापुढं नुसती अक्षरांची खिचडी. बोनसची रक्कम, पॉलिसीचा नंबर, सगळ्याची. पत्त्याच्या मध्ये इमारतीचं नाव इंग्रजीत होतं.

प्रसेनजीतनं ते इंग्रजी बघितलं आणि चूक त्याच्या ध्यानात आली. जपानी चालू असताना मध्ये इंग्रजी आलं, की दार लावायला लागणार. इंग्रजी संपलं, की परत उघडायला लागणार. म्हणजे एकाच ओळीत दोनदा उघडायचं, दोनदा लावायचं. त्यानं जागा ठेवली होती एका वेळेपुरतीच. शेवटची दार लावायची खूण मावली नाही, गळून पडली. दार उघडंच राहिलं. मशीन बिचारं पुढचा रकमेचा आकडाही जपानी समजून छापत गेलं.

"आपण तपासलं हुतं की," शिवानी म्हणाली. मग तिचं तिलाच उमगलं. "वळखीचीच तपासली आपण."

दुरुस्ती अवघड नव्हती. दुपारच्या आत प्रोग्रॅम नीट झाला, पुण्याला गेला. कुणी तो उघडूनही बघितला नाही. तिकडं विमा कंपनी घराघरांत माफीची पत्रं पाठवत होती. पुण्यानं काम काढून घेतलं. दुसरं काम ऑफिसात नव्हतंच.

विजयसिंह ओरडतील म्हणून प्रसेनजीत मान खाली घालून उभा होता. ते ओरडले नाहीत.

"शिव्या द्याव्यात म्हणतोय," ते म्हणाले, "पण कुणाला देऊ? सही तर माझी हाय त्या कामावर."

ऑफिस बंद पडलं. कॉम्प्युटर वरच्या गल्लीतल्या क्लासवाल्यानं उचलले. प्रसेनजीत पुण्याला दोन-तीन ठिकाणी जाऊन आला. जपानच्या कामाला आता जपानी वाचणारी माणसं पाहिजे होती. आणि मेनफ्रेमचं नाव काढलं की कोल्हापुरातले लोक विचारायचे, म्हंजे काय वो पावणं, लेथ मशीन का?

घरी त्यानं बरेच दिवस सांगितलंच नाही. सकाळी डबा घेऊन निघायचा, रंकाळ्याच्या काठावर जाऊन बसायचा. शेवटी तानूबाईला बाजारात शिवानी भेटली, आणि कळलं. तानूबाई रडली, मग पोराला वाढून दिलं. गणपती भिंतीला टेकून बसला होता.

"नक्की चुकलं काय?" त्यानं विचारलं.

प्रसेनजीतनं सांगितलं. दार, खुणा, मधलं इंग्रजी. गणपती म्हणाला, "म्हंजे जागा कमी पडली."

"व्हय."

"मीच सांगितल्याली."

"तुमचं काय चुकलं न्हाई आबा. तपासायला मी हुतो की."

"दोन खुणांचं बोल म्हणून मला कुणी सांगितलं हुतं? लोखंडाचं मला कळतंय, अक्षराचं काय कळतंय? उगंच बोललो." प्रसेनजीत समजावत राहिला, पण बापाच्या मनातनं ते निघालं नाही. जी गोष्ट तो गल्लीभर मिरवत होता, तिचं त्यानं नावच टाकलं.

पुढच्या सोमवारी प्रसेनजीत उठला तर ट्रंक उघडी होती. गणपती खाकी पँट घालून उंबऱ्याशी चपला शोधत होता.

"कुठं निघालाय?"

"फौंड्रीच्या मालकाला भेटलोय. मोल्डर मिळंनात त्याला. ये म्हणालाय."

"आबा, छातीचं काय?"

"वळखीची वाळू हाय. काय करतीया?"

फौंड्रीचा टेम्पो कोपऱ्यावर थांबायचा. प्रसेनजीत डबा घेऊन मागं मागं गेला. मी हाय की, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण ते शब्द एकदा वापरून झाले होते. गणपती मध्ये दोनदा थांबला, खांबाला हात लावून खोकला. टेम्पोतल्यांनी खाली वाकून त्याला वर ओढून घेतलं. मग त्यानं पोराच्या हातातला डबा घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं न बघता म्हणाला, "जा घरला. आई एकटी हाय."