मोहाच्या हंगामातलं प्रभुभोजन

बाबांशिवायचा हा पहिलाच ईस्टर. मला ते वेदीपाशी उभे असलेले आठवत नाहीत. मोहाच्या झाडाखाली ओणवे झालेले आठवतात.

बाबा अहमदनगरकडचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला चंद्रपूरकडच्या जंगलात, मोहर्लीपलीकडच्या एका गावात पाळक म्हणून आले, तेव्हा त्यांनी मोहाचं झाड पाहिलंही नव्हतं. विसाव्याचा दिवस पाळणं ही देवाची आज्ञा, म्हणून त्यांनी नियम केला. रविवारी मोहफुलं वेचणाऱ्यानं मंडळीसमोर चूक कबूल करावी, ‘पुन्हा जाणार नाही’ म्हणावं. तोवर प्रभुभोजनाची भाकर नाही. निम्मी मंडळी चुके, कबूल करी आणि पुढच्या हंगामात पुन्हा चुके. एक म्हातारी विधवा तेवढी कबूल करीना; मोहफुलं विकूनच तिचं पोट चाले.

“मोह का रविवार पाहून थांबते, पाळकभाऊ? आपन नाई वेचला तं हरणं खातेत.”

“बाई, पुन्हा जाणार नाही, एवढंच म्हणा.”

“देवाच्या घरात लबाड बोलू? मी तं जाईनच.”

वर्षभर भाकरीचं ताट तिच्यासमोरून पुढे जात राहिलं. तेवढा वेळ ती हात मांडीवर घट्ट धरून बसे. उपासनेनंतर आमच्याकडे येई. “चाय तरी देता, का त्याचीबी आज्ञा हाय?” बाबा कप पुढे करत. त्यांचा तिच्यावर जीव होता.

मी चंद्रपूरला कॉलेजात होते. त्या वर्षी ईस्टरला घरी आले, तर तिचा खोकला फार वाढलेला. “पुढचा ईस्टर काही ती बघत नाही,” आई म्हणाली. त्या आठवड्यात घरच्या प्रार्थनेत बाबा रोज बायबलमधला एकच भाग वाचत होते: भुकेल्या शिष्यांनी विसाव्याच्या दिवशी कणसं मोडली आणि प्रभूनं त्यांची बाजू घेतली.

ईस्टरच्या पहाटे त्यांनी मला उठवलं. “टोपली घे.”

झाडाखालचा पाला जाळून म्हातारीनं जमीन साफ केली होती. काळ्या जमिनीवर फुलांचा सडा पडला होता. ती बसल्या बसल्या, खोकत वेचत होती. बाबा शेजारी ओणवे झाले.

“पाळकभाऊ, काऊन आले? आज ईस्टर होय ना!”

“म्हणून तर. लवकर आटोपू, म्हणजे तुम्हांला उपासनेला उशीर होणार नाही.”

उपासनेत ते मंडळीसमोर उभे राहिले. “आज मी मोह वेचला. आज्ञा देवाची आहे, पण तिच्यापायी एका भुकेलीला प्रभूच्या मेजावरून उठवलं ते मी. मला क्षमा करा.”

मागून कोणीतरी म्हणालं, “पुन्हा जानार नाई, म्हना!”

म्हातारी भिंतीला धरून उठली. “करा जी माफ त्याईले. त्याईले वेचताबी येत नाई. अर्धी फुलं पायाखाली चेंदली!”

मंडळीत हसू फुटलं. बाबा ताट घेऊन आधी तिच्या चटईपाशी गेले. तिनं दोन्ही हात पुढे केले. बाबांना हसू आवरेना आणि रडूही आवरेना, त्यामुळे भाकर देतानाचे शब्द त्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणावे लागले.