मावशींच्या दोन ओळी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि मी पोटातलं सगळं सांगतो, असा तिचा समज आहे. आज तुमच्यापाशी बोलायला बसलो, तर आधी दार लावून घेतलं – इतक्या वर्षांनी कोण येणार आहे मला धरायला?

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. आम्ही कलकत्त्याला, खिदिरपुरात राहायचो. वरच्या मजल्यावर इंदूमावशी – नात्याच्या नव्हेत, पण परमुलखात मराठी बोलणारं माणूस म्हणजे नातंच. एकट्या होत्या, शाळेत पियानो शिकवायच्या. पाच रेघांवरची विलायती स्वरलिपी मला त्यांनीच शिकवली आणि त्या जोरावर धर्मतळा भागातल्या एका छापखान्यात नोकरी लागली. सुरावटी एका खास कागदावर शाईने रेखायच्या, हे माझं काम. तिथून त्या दगडावर उतरवून छापत.

मालकांची मला भीती वाटायची. त्यांच्या चपला जिन्यात वाजल्या की माझी रेघ हलायची. तो खास कागद तेव्हा मिळता मिळत नसे. एक वाया घालवला, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "पुन्हा नको."

मग मावशींनी स्वतः रचलेली सुरावट छापायला दिली. शाळेच्या समारंभात त्यांची विद्यार्थिनी ती वाजवणार होती. मोठा ताव मधोमध दुमडला की फुलस्केपची चार पानं होतात. तेवढ्यात बसवायचं ठरलं. आधी ओळी मोजायच्या, पानांत वाटून घ्यायच्या, मगच शाईला हात लावायचा – हा या कामातला पहिला धडा. मी मोजल्या नाहीत. मावशींचं काम, म्हणून ऐसपैस, देखणं रेखत गेलो. चौथं पान भरलं आणि दोन ओळी उरल्या.

पुन्हा रेखायचं म्हणजे मालकांकडे कागद मागायला जायचं. मी गेलो नाही. मी – कसं सांगू? – आदल्या ओळीच्या शेवटी दुहेरी उभी रेघ मारली. सुरावट संपली, अशी ती खूण. मावशींची नजर अधू झालेली. कच्ची प्रत दाखवायला नेली, तर म्हणाल्या, "तू पाहिलंस ना? मग झालं."

मुलीने ती छापील पानांवरून आपल्या घरीच बसवली होती. समारंभात ती छापल्याप्रमाणे वाजवून थांबली. टाळ्या पडल्या. मावशींचं बोट मात्र मांडीवर ताल धरून चालूच होतं, राहिलेल्या दोन ओळींचा. मग तेही थांबलं.

मी तिथून तडक छापखाना गाठला आणि त्यांच्या हातची मूळ पानं चहाच्या शेगडीत घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "अरे, मी शेवट लिहिलाच नव्हता का?" तेव्हा तरी बोलता आलं असतं ना?

"नाही मावशी. तुमच्या कागदावर एवढंच होतं."

त्यांच्या आईला उतारवयात भ्रम झाला होता, पोटच्या मुलींना ओळखत नसे. हे मला ठाऊक होतं. खोटं बोलतानाही ठाऊक होतं.

तेव्हापासून मावशी अर्ध्या जिन्यातून परत जाऊन कुलूप ओढून बघू लागल्या. शेगडी विझवली का, हे मला विचारू लागल्या. मालकांची भीती कुठल्या कुठे गेली. आता जिन्यात मावशींची पावलं वाजली की मी दाराला कडी घालायचो. पुढे त्यांनी शाळा सोडली, घरी येणाऱ्या मुलीही बंद केल्या.

एकदा त्यांनी चहाला बोलावलं. टाळता आलं नाही. कप हातात देत म्हणाल्या, "तू स्पष्ट सांगितलंस, बरं झालं हो. दुसरा कुणी मन राखायला खोटं बोलला असता, आणि मी पोरींना चुकीचं शिकवत बसले असते."

मी मान हलवली आणि चहा संपवला. त्या मरेपर्यंत स्वतःच्या डोक्याला घाबरत जगल्या. ते शाबूत होतं, हे जगात मला एकट्याला माहीत होतं.